तीन संघ आणि एक डावा गुडघा

टोलेडो, ओहायो
९ ऑगस्ट १९७१

लोरीन,

पत्र घरी न पाठवता तुझ्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतोय म्हणून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. मे महिन्यात मला इथे बास्केटबॉल संघाचा मॅनेजर केलं, तेव्हापासून तुमच्याकडे माझा फोन नाही, याचा तुला राग आला असेल. पण लीगचा नियमच तसा आहे. दुसऱ्या संघाच्या करारातल्या खेळाडूशी त्या संघाला न विचारता मॅनेजरने चकार शब्द बोलायचा नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना. तुमच्या ओमाहाचा मॅनेजर ग्रब तर माझ्या चुकीवर टपूनच बसलाय. बहिणीला पत्र लिहू नये असं मात्र नियमात कुठे सापडलं नाही. मी दोनदा शोधलं.

आता नीट ऐक. तीन दिवस मला अन्न गोड लागत नाही. जेवायच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे आम्ही, मिरीची म्हणजे रिचमंड, मोहरीची म्हणजे तुम्ही, असा संसार मांडून बसतो. मॅक्सीन म्हणते, तुमचं अजिंक्यपद आटोपलं असेल तर मीठ इकडे द्या.

रिचमंडकडे लमार क्विग्ली आहे. सामन्याला पंचवीस गुण तो डोळे मिटून करतो. पण त्यांच्याकडे रिंगखाली खेळणारा उंच सेंटर नाही, म्हणून ते पंचवीस पाण्यात जातात. ओमाहाकडे सेंटर दोन. त्यातला एक, तो सात फुटी बाउमन, बाकावर बसून शेंगा सोलतो. पण तुमच्याकडे चेंडू पुढे नेणारे चपळ गार्ड नाहीत, आणि माझ्याकडे ते चार आहेत. ज्याला जे हवं ते दुसऱ्याच्या घरात धूळ खात पडलंय! तेव्हा माझे दोन गार्ड ओमाहाला, ओमाहाचा बाउमन रिचमंडला, रिचमंडचा क्विग्ली मला. दोघादोघांत हे गणित सुटत नाही. तिघांना एका पंगतीला बसवलं की सुटतं.

फक्त एक अडचण. संघात माणसं बाराच. माझे दोन जाऊन एक आला तर माझी एक जागा रिकामी राहते, आणि ओमाहाकडे एक डोकं जास्त होतं. म्हणून ओमाहाने आणखी एक माणूस मला द्यायचा. ग्रबला वाटेल, भरतीचा माल व्हर्लिनच्या गळ्यात मारला. आणि मी मागणार कोणाला? तुझ्या नवऱ्याला, क्लेटला! बत्तीस वर्षांचा झाला म्हणून काय झालं? रिंगखाली चेंडू पकडायला अजून त्याच्यासारखा माणूस नाही. क्विग्लीने फेकावं, चुकलेलं क्लेटने उचलावं. त्याला बोटात अजिंक्यपदाची अंगठी घालायला मिळेल आणि मला माझी नोकरी. मालक हॅस्केट यांनी स्पष्ट सांगितलंय की येत्या वसंतात अंतिम फेरी नसेल तर मी दुसरीकडे बघावं.

तुला एकच विचारायचंय. मार्चमध्ये डेन्व्हरला क्लेट डाव्या गुडघ्यावर पडला होता. आता कसा आहे? खेळाडू स्वतः कधी खरं सांगत नाही, आणि संघाचा डॉक्टर संघाचाच असतो. बायकोला माहीत असतं. दोन ओळी लिही. गोष्ट तुझ्यामाझ्यात राहील.

व्हर्लिन

ओमाहा, नेब्रास्का
१५ ऑगस्ट १९७१

व्हर्लिन,

तुझ्या पत्राचं पाकीट मिसेस प्रुइट यांनी दोनदा उलटसुलट करून मगच माझ्या हातात दिलं. आता साऱ्या लायब्ररीला वाटतंय की माझं ओहायोत कुणीतरी आहे.

तुझा बेत वाचला. मीठ, मिरी, मोहरी सगळं समजलं. त्यात आम्ही कुठे बसतो तेही समजलं. भरतीचा माल म्हणतोस त्या मालाला बायको आहे, आठ वर्षांची मुलगी आहे आणि बेचाळीस बरण्या टोमॅटो आहेत, जे मी गेल्या आठवड्यात उकळून भरले. नऊ वर्षांत आमची सहा गावं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान पडदे शिवावे लागत नाहीत. प्रत्येक खिडकीचं माप वेगळं असतं, व्हर्लिन, हे तुमच्या लीगच्या नियमात नाही.

पेग आत्तापर्यंत चार शाळांत गेली. यंदा पहिल्यांदा तिला एक मैत्रीण मिळाली आहे, समोरच्या घरातली. दोघी मिळून कुंपणाखालून बोगदा खणतायत. तिने मला विचारलं, "आई, पुढच्या उन्हाळ्यात पण आपण इथेच ना?" मी हो म्हणून बसले.

क्लेटला मी यातलं काही बोलले नाही. तू बोलावतोयस हे कळलं तर तो टोलेडोपर्यंत चालत येईल. अंगठीचं त्याला किती आहे ते मला माहीत आहे. म्हणून म्हणते, तूच दुसरा कुणी बघ. ओमाहाकडे बारा माणसं आहेत.

मॅक्सीनला म्हणावं, मीठ लपवून ठेव.

लोरीन

टोलेडो
२० ऑगस्ट १९७१

लोरीन,

टोमॅटो कळले, पडदे कळले, बोगदा कळला. गुडघा?

रिचमंड तयार आहे. ग्रब आढेवेढे घेतोय, पण गार्ड बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलंय. घोडामैदान जवळ आलं आणि मला घोड्याचा पाय माहीत नाही! टोलेडोत चांगल्या शाळा आहेत. खिडक्यांची मापं मी स्वतः घेऊन पाठवतो. मोसम सुरू व्हायच्या आत सगळं पक्कं व्हायला हवं. फक्त हो की नाही ते कळव.

व्हर्लिन

ओमाहा
२५ ऑगस्ट १९७१

व्हर्लिन,

ऐक तर मग, विचारतोसच आहेस म्हणून.

बरा नाही. डेन्व्हरपासून नाहीच. खेळून आला की गुडघ्यात पाणी भरतं आणि तो बर्फाची पिशवी बांधून बसतो. जिना उतरताना कठडा धरतो आणि एकेक पायरी आडव्या पावलाने उतरतो. डॉक्टरला काही सांगत नाही, मलाही सांगू नको म्हणतो. अर्धा मोसम निघाला तरी पुष्कळ.

तू माझा भाऊ आहेस आणि तुझी नोकरी यावर आहे, म्हणून लिहिलं. हे तुझ्यामाझ्यात राहील असं तू म्हणाला होतास. लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी विसरलेले नाही. निदान हा एक तीळ भिजू दे.

लोरीन

टोलेडो
९ सप्टेंबर १९७१

लोरी,

झालं! काल दुपारी तिघांच्या सह्या झाल्या. क्विग्ली आमचा! इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आलाय. त्यात मी पोट दुखत असल्यासारखा दिसतो, पण शीर्षक चांगलं आहे. दहा वर्षांत पहिल्यांदा टोलेडोत लोक अजिंक्यपदाचं नाव न हसता घेतायत. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत.

क्लेटच्या जागी मी ओमाहाकडून रस डनिंग घेतला. चोवीस वर्षांचा आहे, दोन्ही गुडघे नवेकोरे. ग्रब तो द्यायला अजिबात तयार नव्हता. क्लेट घे, क्लेट घे, म्हणून मागे लागला होता. पण अखेर दिला. तो कसा दिला ते भेटीत सांगेन. तुझं नाव कुठेही आलेलं नाही, निर्धास्त राहा.

तू वेळेवर बोललीस म्हणून वाचलो. नाहीतर पहिल्याच महिन्यात माझा मेहुणा लंगडत बाहेर आणि मागोमाग मी. क्लेटसाठी वाईट वाटतं. पण तुम्ही तिथेच राहताय, हेही काही वाईट नाही. पेगला म्हणावं, बोगदा पुरा कर, मामा बघायला येतोय.

व्हर्लिन

ओमाहा
१७ ऑक्टोबर १९७१

व्हर्लिन,

मंगळवारी क्लेटला काढून टाकलं.

सकाळी सराव झाला. त्याने सगळ्यांपेक्षा जास्त चेंडू पकडले, असं प्रशिक्षक स्वतः म्हणाला. मग ग्रबने खोलीत बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. क्लेटने कारण विचारलं. ग्रब म्हणाला, "क्लेट, तुझ्या बायकोचा भाऊ मॅनेजर आहे. मी तुला त्याच्या हातात फुकट ठेवत होतो. त्याने तुला सोडून दुसरा घेतला. मला जे दिसत नाही ते घरच्या माणसाला दिसत असणार."

क्लेटला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला टोलेडोला जाता आलं असतं. घरी येऊन तो मला म्हणाला, "व्हर्लिनने मला घेतलं नाही, लोरीन. का असेल?" मी बटाटे सोलत होते, ते सोलतच राहिले.

तू ग्रबला काय सांगितलंस?

लोरीन

टोलेडो
२३ ऑक्टोबर १९७१

लोरीन,

शपथ घेऊन सांगतो, गुडघा हा शब्द मी उच्चारला नाही.

ग्रब विचारत होता, तुझाच मेहुणा तुला का नको? मी विषय टाळला. त्याने पुन्हा विचारलं. सगळा सौदा त्या एका माणसावर अडला होता, रिचमंडवाला फोनवर खोळंबला होता. मी म्हणालो, "तुमच्या डॉक्टरला विचारा." बस्स, एवढंच. ग्रब डनिंग द्यायला तयार झाला. त्या क्षणी मला वाटलं, आपण काय हुशार! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मला माफ कर.

पण एक सांग, मी खोटं तर नाही ना बोललो? आज ना उद्या ते दिसलंच असतं.

आता तो कुणाच्या करारात नाही, तेव्हा मी फोन करू शकतो. करू का?

व्हर्लिन

ओमाहा
९ जानेवारी १९७२

व्हर्लिन,

नाताळची पेटी मिळाली. पेगला बाहुली आवडली. फोन तू तीनदा केलास आणि मी तिन्ही वेळा घरात नाही असं सांगायला लावलं, ते तुला कळलंच असेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

क्लेट नोव्हेंबरपासून एका टायरच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकं त्याला ओळखतात, सही मागतात आणि मग टायरच्या भावात घासाघीस करतात. सगळ्या संघांना त्याने पत्रं लिहिली. मग शहरातल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडे गेला, एक्स-रेचे फोटो काढले, गुडघा उत्तम असल्याचा दाखला घेतला आणि तो सगळ्यांना पाठवला. नऊ संघांकडून उत्तर आलं, सगळी सभ्य. डॉक्टर म्हणतो शाबूत आहे, मेहुणा म्हणतो नको. लोक मेहुण्याचं ऐकतात.

तूही त्याला तपासून बघ ना एकदा. गुडघा आता बरा आहे. खरंच बरा आहे.

परवाची गोष्ट लिहू का नको, असं झालंय. मी स्वयंपाकघरात होते. क्लेट वरून खाली येत होता. कठडा धरून, आडव्या पावलाने, एकेक पायरी. मी विचारलं, दुखतं का? म्हणाला, "नाही गं, पण उगीच धोका कशाला?" मी जाऊन न्हाणीघरात बसले. पेग दार वाजवत होती तरी उघडलं नाही.

लोरीन

टोलेडो
१२ फेब्रुवारी १९७२

लोरीन,

आम्ही पहिले आहोत! पन्नासपैकी सदतीस सामने जिंकलो. आणि काल डनिंगच्या पावलाचं हाड मोडलं. नवेकोरे गुडघे, आणि मोडलं पाऊल. देव माझी अशी मजा करतो.

रिंगखाली आता माझ्याकडे कुणी नाही. क्विग्ली फेकतो, चुकतो, आणि चेंडू समोरच्यांच्या हातात. एक मार्चपर्यंत रिकाम्या जागी माणूस घेता येतो, पुढे नाही. बाजारात आहेत ते सगळे लाकडी ओंडके. काल मॅक्सीनला म्हणालो, क्लेटचा गुडघा धड असता तर! ती म्हणाली, मग विचार ना. काय विचारू? बरा झालाय असं तू लिहिलंस, पण पाणी भरणारे गुडघे असे चार महिन्यांत बरे होतात होय?

मन मोकळं करायला लिहिलं. मनावर घेऊ नकोस.

व्हर्लिन

ओमाहा
१६ फेब्रुवारी १९७२

व्हर्लिन,

तो बरा झालेला नाही, कारण तो बिघडलाच नव्हता.

मी खोटं लिहिलं. पाणी, बर्फाची पिशवी, जिना, सगळं मी लायब्ररीच्या टेबलावर बसून बनवलं. डेन्व्हरहून आल्यावर आठ दिवसांत तो झाडावर चढून पेगचा पतंग काढत होता. मला सातवं गाव नको होतं, एवढंच. वाटलं, एक वर्ष, फक्त एक वर्ष तो इथेच खेळेल, पेगचं शाळेचं वर्ष पुरं होईल. त्यात कुणाचं काय बिघडतं? करायला गेले एक आणि झालं हे.

तू तोंड उघडलंस म्हणून मी चार महिने तुला मनात शिव्या दिल्या. मला ते सोयीचं होतं. पण तुझ्या तोंडात घालायला शब्द मी दिले होते.

तो रोज सकाळी टायर उचलतो. वजन एक तोळा वाढलेलं नाही. त्याला बोलाव. टोलेडो तर टोलेडो. मी पडदे शिवीन.

लोरीन

टोलेडो
१९ फेब्रुवारी १९७२

लोरी, माझे आई,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. नवऱ्यासाठी बाई स्वतःवर खोटेपणाचा आळही घेते, हे आज पाहिलं. पण दुधाने तोंड पोळलेला मी, ताकही फुंकून पिणार. जिन्यावर आडव्या पावलाने उतरतो, हे तूच पुन्हा जानेवारीत लिहिलंस की! तेही बनवलेलं? माझ्या बारा जणांचं आणि माझं पोट यावर आहे. भावनेच्या भरात मी माणूस घेऊ शकत नाही. क्लेटला माझं प्रेम सांग.

व्हर्लिन

ओमाहा
२२ फेब्रुवारी १९७२

व्हर्लिन,

हे पत्र क्लेटच तुझ्या हातात देईल. पाकीट चिकटवलेलं आहे आणि तो ते उघडणार नाही, तो तसा माणूसच नाही. मी त्याला सांगितलंय की तू चाचणीसाठी बोलावलंयस. आणखी एक खोटं, मोजत बसू नकोस.

मी काय लिहिलं ते विसर. त्याला मैदानात उतरव आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

लोरीन

टोलेडो
२४ फेब्रुवारी १९७२

लोरीन,

हे पत्र क्लेटबरोबरच परत पाठवतोय. पाकीट मीही चिकटवलंय.

आमच्या डॉक्टरने गुडघा वाकवून, पिळून, ठोकून पाहिला. घोड्याचा आहे म्हणाला. म्हणजे तू खोटं बोलली होतीस हे खरं होतं. मी तुझ्यावर रागवायला हवं. रागवेन कधीतरी.

मग त्याला आमच्या पोरांबरोबर तासभर खेळवलं. लोरीन, तो डाव्या पायावर उडी मारत नाही. उजव्यावर उडतो, उजव्यावरच उतरतो. डावा पाय गोठलेल्या तळ्यावर टाकावा तसा टाकतो. चेंडू डोक्यावरून जातो आणि तो अर्धा हात खाली राहतो. माझ्या संघातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने त्याच्या हातून सात चेंडू नेले.

मी बाजूला घेऊन विचारलं, दुखतं का? म्हणाला, नाही. मग? त्याने टॉवेलने तोंड पुसलं. म्हणाला, "व्हर्लिन, तुम्हा सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मला कुणी सांगत नाही. ओमाहा संघाच्या डॉक्टरने फोटोत काही पाहिलं असणार. उगीच का ग्रब काढेल? उगीच का तू नाही म्हणशील? मला दिसत नाही, दुखत नाही, पण आत काहीतरी आहे. ते कधी तुटेल याची मी वाट बघतोय."

मी, जो शेजाऱ्याच्या वाढदिवसाची गुपितंसुद्धा फोडतो, तो मी गप्प बसलो. मी सांगून उपयोग नाही. धीर देतोय असं समजेल, हसेल आणि मान हलवेल. ज्याच्या तोंडून ते निघालं त्यानेच ते परत घेतलं तर त्याला पटेल. तो माणूस तू आहेस.

जागा बुधवारपर्यंत रिकामी ठेवतोय. हॅस्केट ओरडतायत. ओरडू देत. त्याला सांगायचं की नाही हे तू ठरव. सांगितलंस तर काय होईल मला माहीत नाही. तो माझा मेहुणा आहे, पण नवरा तुझा आहे.

व्हर्लिन

ओमाहा
२७ फेब्रुवारी १९७२

व्हर्लिन,

काल सकाळी पेग समोर खेळायला गेली तेव्हा सांगितलं. सगळं, तू काय विचारलंस, मी काय लिहिलं, का लिहिलं. तो टेबलाशी बसला होता. मध्ये एकदाच बोलला. "जिन्याचंही तूच?" मी म्हटलं, हो. तो उठला, जिना चढून वर गेला, आणि खाली आला. कठडा न धरता, दोन दोन पायऱ्या, माझ्याकडे न बघता. मग पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. मीठ हवं असलं तरी पेगला सांगतो. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याला मी गावंच्या गावं बदलताना पाहिलं, हरताना पाहिलं, पण त्याने कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. आता तर मुळीच चढवत नाही.

अंगणातला बर्फ त्याने काल फावड्याने काढला आणि गॅरेजवरच्या रिंगखाली उभा राहिला. आजही चर्चला आला नाही. हे लिहितेय तेव्हाही बाहेर चेंडू आपटतोय. मी मघाशी पडदा सारून पाहिलं. तो डाव्या पायावर उडी मारतो, व्हर्लिन. डाव्यावर उडतो आणि डाव्यावर उतरतो, जोराने, मला ऐकू जावं इतक्या जोराने.

उद्याच्या बसने तो निघतोय, मंगळवारी तुझ्याकडे पोहोचेल. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. त्याला वाटेत वाचावंसं वाटलं तर वाचू दे.

पेगने विचारलं, आपण कधी जायचं? तो म्हणाला, तुझी शाळा आहे ना इथे. त्याने एकच बॅग भरली आहे. मला हवं होतं ते सगळं झालं. मी आणि पेग इथेच राहतोय.

त्याला खेळव.

लोरीन